बँकेच्या कर्जातला रस्ता: सामाजिक आणि पर्यावरणीय जोखीम नेमकी कुठे सांभाळायची?

प्रश्न असा आहे: राज्याच्या रस्ता प्रकल्पाला जागतिक बँकेचं कर्ज मिळालंय. अंमलबजावणी कक्षात सामाजिक आणि पर्यावरण तज्ज्ञ म्हणून नेमणूक झाली आहे. बँकेची दहा मानकं वाचून झाली, सल्लागाराने केलेला जाडजूड पर्यावरण-सामाजिक व्यवस्थापन आराखडा (साइटवर सगळे ज्याला ‘ईएसएमपी’ म्हणतात तो) टेबलावर आहे. पण रोज सकाळी उठून नेमकं करायचं काय, आणि चुकतं कुठे?

आराखड्यात जे लिहिलंय ते बहुतेक वेळा बरोबरच असतं. चुकतं ते दुसरीकडे. जोखीम सांभाळली जाते ती चार जागी: आखणी गोठण्याआधी, निविदेच्या कागदात, जागेचा ताबा देण्याच्या तारखेत आणि ठेकेदाराच्या बिलात. या चार जागी तुमचा हात पोचत नसेल तर तिमाही अहवाल कितीही देखणा असला तरी साइटवर काही बदलत नाही. म्हणून रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात ईएसएमपीपेक्षा बीओक्यू (निविदेतली कामाच्या बाबी, मापं आणि दर यांची यादी) आणि कराराच्या विशेष अटी वाचा.

जागतिक बँकेची सध्याची चौकट १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू आहे. दहा मानकांपैकी रस्त्याच्या कामात रोज संबंध येतो तो दुसऱ्याचा (कामगार), चौथ्याचा (आसपासच्या लोकांची सुरक्षितता), पाचव्याचा (जमीन आणि पुनर्वसन) आणि दहाव्याचा (लोकांशी संवाद). आदिवासी वस्ती असेल तर सातवं येतं, जंगल-पाणथळ असेल तर सहावं. प्रकल्पाला उच्च, लक्षणीय, मध्यम किंवा कमी असा जोखमीचा दर्जा मिळतो. कर्जकराराला ‘पर्यावरणीय व सामाजिक बांधिलकी आराखडा’ जोडलेला असतो. हे दहा-पंधरा पानांचं कोष्टक म्हणजे कायदेशीर बंधन आहे. ईएसएमपीमधलं वाक्य चुकलं तर शेरा येतो. या कोष्टकातली तारीख चुकली तर तो करारभंग ठरतो. त्याची प्रत कार्यकारी अभियंत्याच्या टेबलावर असायला हवी. बऱ्याच कक्षांत ती फक्त तज्ज्ञाच्या संगणकात असते.

आखणी गोठण्याआधी

सगळ्यात स्वस्त उपाय इथे मिळतो आणि नेमक्या याच वेळी तज्ज्ञाची नेमणूक झालेली नसते. गावातून जाणारा रस्ता दोन्ही बाजूंना सारखा रुंद करायचा की एकाच बाजूला, हा निर्णय मुळात पुनर्वसनाचा आहे, पण तो संकल्पचित्रकार घेतो. एका बाजूला शाळेची भिंत आणि पक्की दुकानं, दुसऱ्या बाजूला पडीक गायरान असेल, तर मध्यरेषा दोन-तीन मीटर सरकवून अख्खी बाजारपेठ वाचते. त्यासाठी गावठाणाच्या हद्दीतले पट्टे किलोमीटरवार घेऊन बसा: कि.मी. १२/४०० ते १३/१०० मध्ये किती बांधकामं, कुठल्या बाजूला, किती खोल. संकल्पचित्र मंजूर झाल्यावर हीच सूचना केलीत तर ती ‘व्हेरिएशन’ (मंजूर कामातला बदल) होते आणि कोणालाच नको असते.

दुसरी गोष्ट पाण्याची. पर्यावरणाची मूळ स्थिती मोजण्याचं काम साधारणपणे पावसाळा सोडून एका हंगामात केलं जातं. हवा आणि आवाजासाठी ते चालतं, पण आपल्याकडच्या रस्त्यांची सगळ्यात जास्त भांडणं पावसाळ्यातच उभी राहतात. भराव एक मीटर उंचावला, जुनी पाईप मोरी आहे त्याच व्यासाची ठेवली, आणि वरच्या अंगाच्या शेतात पहिल्याच मोठ्या पावसात पाणी तुंबलं. शेतकरी म्हणतो माझं सोयाबीन गेलं, उपअभियंता म्हणतो मोरी तर आहे. हे टाळायचं तर प्रत्येक मोरीजवळ वरच्या आणि खालच्या अंगाच्या दोन शेतकऱ्यांना उभं करून विचारा: पाणी कुठून येतं, कुठवर चढतं, जुन्या मोरीत गाळ किती बसतो, चर कोणाच्या बांधातून जातो. पुराची खूण झाडावर, विहिरीच्या कठड्यावर, देवळाच्या पायरीवर दाखवतात. तिचा फोटो आणि पातळी लिहून संकल्पचित्रकाराला द्या. मोरीच्या तोंडातून बाहेर पडणारं पाणी पुढे कोणाच्या शेतात शिरणार, हा प्रश्न तर आराखड्यात सहसा असतच नाही.

त्याच फेरीत शेतकऱ्यांच्या पाइपलाइनी नोंदवा. विहीर रस्त्याच्या एका बाजूला आणि ऊस दुसऱ्या बाजूला, हे पश्चिम महाराष्ट्रात जागोजागी आहे. काँक्रीट पडण्याआधी रस्त्याखालून आडवे रिकामे पाईप टाकून ठेवले तर खर्च किरकोळ. नंतर तोच शेतकरी रात्री रस्ता फोडतो, आणि त्याला दुसरा इलाजही नसतो. पाणंद रस्ते जिथे मुख्य रस्त्याला मिळतात तिथे उतार द्या, नाहीतर बैलगाडी आणि ट्रॅक्टर भरावावर चढत नाहीत.

माणसं मोजणं

पुनर्वसनातल्या बहुतेक आपत्तींचं मूळ चुकीच्या मोजणीत सापडतं. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्प घ्या. जागतिक बँकेने तो २००२ मध्ये मंजूर केला. रेल्वेचे रूळ आणि दोन जोडरस्ते यांसाठी हलवायच्या माणसांची संख्या अंदाजापेक्षा वाढत सव्वा लाखाच्या जवळ गेली. राज्याच्या धोरणात झोपडीधारकाला २२५ चौरस फुटांचं घर होतं, आणि त्या काळाच्या मानाने ते धोरण पुढचंच होतं. अडलं ते दुकानदारांशी. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यावर कुर्ल्याच्या बाजूला मोठे गाळे, कारखाने, नोकर-चाकर असलेले व्यावसायिक होते. त्यांचा आकार, गिऱ्हाईक, कामगार यांची नीट नोंद न करता त्यांना घरांच्याच मापाने तोललं गेलं. २००४ मध्ये त्यांनी बँकेच्या तपासणी समितीकडे तक्रार केली. समितीचा अहवाल त्यांच्या बाजूने गेला आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसन या भागांचे पैसे थांबवले. काही महिन्यांनी, सुधारणा मान्य झाल्यावर, ते पुन्हा सुरू झाले. रस्ता मात्र २०१४ मध्ये खुला झाला. मोजणीतल्या चुकीची किंमत काय, असं कोणी विचारलं तर हे उदाहरण द्या.

दुसरं उदाहरण कच्छमधलं, मुंद्र्याच्या औष्णिक प्रकल्पाचं. त्याला जागतिक बँक गटातल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने ४५ कोटी डॉलर कर्ज दिलं. तिथले मच्छीमार वर्षातले बरेच महिने किनाऱ्यावर, बंदरावर येऊन राहतात आणि उरलेले महिने गावी जातात. महामंडळाच्या लोकपालाने २०१३ च्या लेखापरीक्षणात दाखवलं की या हंगामी कुटुंबांचा मूल्यमापनात पुरेसा विचारच झाला नव्हता. पुढे ते प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१९ मध्ये न्यायालयाने म्हटलं की अशा आंतरराष्ट्रीय संस्थांना खटल्यापासून संपूर्ण अभय नाही. मच्छीमारांचा दावा पुढे खालच्या न्यायालयांत टिकला नाही ही गोष्ट वेगळी, पण कर्ज देणाऱ्या संस्थांच्या वकिलांची झोप तेव्हापासून उडाली आणि तुमच्याकडे येणारे प्रश्न वाढले.

आपल्याकडे याचा सरळ अर्थ: मराठवाड्यात नोव्हेंबर ते मार्च सर्वेक्षण केलंत तर ऊसतोड कुटुंबांच्या घरांना कुलूप दिसेल आणि ‘बंद घर’ असा शेरा पडेल. धनगरांचे वाडे पावसाळ्यात वेगळीकडे असतात. आठवडे बाजार एकाच दिवशी भरतो. सर्वेक्षक सोमवारी गेला आणि बाजार गुरुवारी असला तर चाळीस विक्रेते कागदावर नाहीतच. म्हणून बंद घरांची यादी वेगळी काढून तीन महिन्यांनी पुन्हा जा आणि बाजाराच्या दिवशी एकदा मुद्दाम जा.

जे जमिनीचे मालक नाहीत तेही बँकेच्या नियमाने मोजायचे. अतिक्रमणधारकाला जमिनीची किंमत मिळत नाही, पण बांधकामाची भरपाई, हलण्याचा खर्च आणि बुडालेल्या कमाईसाठी साहाय्य मिळतं. सरदार सरोवरावर हाच वाद पेटला होता. महाराष्ट्रातली ३३ गावं बुडिताखाली येणार होती आणि तिथले अनेक आदिवासी पिढ्यान्पिढ्या वनजमीन कसत होते. सरकारी कागदात ते ‘अतिक्रमक’. बँकेने नेमलेल्या मोर्स आयोगाने १९९२ मध्ये यावर बोट ठेवलं, मार्च १९९३ मध्ये उरलेलं कर्ज नको म्हणून भारताने कळवलं, आणि त्याच वर्षी बँकेने तपासणी समिती स्थापन केली. आज तुम्हाला जाच वाटणारे बरेचसे नियम नर्मदेच्या काठी जन्मले आहेत.

अंतिम तारीख, म्हणजे ज्या दिवसानंतर आलेल्याला लाभ नाही तो दिवस, जाहीर करण्यात हयगय नको. मालकांसाठी भूसंपादनाच्या अधिसूचनेची तारीख चालते, बाकीच्यांसाठी गणना सुरू झाल्याचा दिवस. ग्रामपंचायतीच्या फलकावर नोटीस, दवंडी, आणि त्याच दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंचं सलग व्हिडिओ चित्रण. हे चित्रण नसेल तर सहा महिन्यांनी रातोरात उभ्या राहिलेल्या पत्र्याच्या शेडशी तुम्ही भांडू शकत नाही. आणि गणना व पैसे वाटप यांत दोन-तीन वर्षं गेली तर यादी अद्ययावत करावीच लागते. मुलं वेगळी झालेली असतात, भाडेकरू बदललेले असतात.

पैसे देताना

भूसंपादन कायदा २०१३ चा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ असतो असं मानू नका. मागच्या तीन वर्षांतले सौदे घ्यायचे, त्यातले जास्त किमतीचे निम्मे निवडून सरासरी काढायची. ती आणि रेडीरेकनर यांत जे जास्त ते मूळ बाजारमूल्य. उदाहरणादाखल हेक्टरी २० लाख आले आणि गुणक २ धरला तर ४० लाख, त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम म्हणजे ८० लाख. शिवाय मूळ बाजारमूल्यावर वर्षाला १२ टक्के, अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत (भरपाई ठरवणाऱ्या आदेशापर्यंत) किंवा ताब्यापर्यंत, जे आधी असेल तोवर. गुणक राज्य ठरवतं आणि शासन निर्णय बदलत राहतात, म्हणून ज्या तारखेचा निर्णय लागू केला त्याची प्रत प्रत्येक निवाड्याच्या फाइलला लावा.

कायदा आणि बँकेचं मानक यांत फट पडते ती बांधकामांच्या मूल्यांकनात. सार्वजनिक बांधकाम विभाग घसारा वजा करतो. बँक म्हणते बदली खर्च द्या: तसंच नवीन बांधायला आज जे लागेल ते, घसारा न कापता, मुद्रांक-नोंदणीचा खर्च धरून. समजा पत्र्याचं दुकान आज नव्याने बांधायला १,२०,००० रुपये लागतात आणि घसारा कापून मूल्यांकन ७०,००० आलं. निवाड्यात ७०,००० च येतील. वरचे ५०,००० प्रकल्पाने ‘पुनर्वसन साहाय्य’ म्हणून स्वतंत्र लेखाशीर्षातून द्यायचे. हे शीर्ष अंदाजपत्रकात आधीच उघडलं नसेल तर लेखाधिकारी सही करणार नाही, आणि त्याचं बरोबर असेल. पत्रे, दारं, विटा मालकाने नेल्या तर त्याची किंमत कापायची नाही.

थेट खरेदीने जमीन घेतली म्हणजे पुनर्वसनाचं मानक लागू नाही, असं सर्रास सांगितलं जातं. ‘दिली नाहीस तर संपादन करू’ असं मागे उभं असेल तर ती खुशीची विक्री नाही आणि पाचवं मानक लागूच होतं. ‘दानपत्रा’ची तर आणखी काळजी घ्या. देणाऱ्याची एकूण जमीन किती, नाही म्हणण्याची सोय होती का, घर किंवा पोट तुटतं का, हे तपासून लेखी नोंद लागते. सरपंचाच्या ओट्यावर एकाच दिवशी पंचवीस दानपत्रांवर सह्या झाल्या असतील तर त्या कागदांवर विसंबू नका.

सातबाऱ्यावर इतर हक्कात पीककर्जाचा बोजा असतो. भरपाई खात्यात पडताक्षणी बँक किंवा सोसायटी कर्ज वळतं करून घेते आणि माणसाच्या हातात काही उरत नाही. कागदोपत्री पूर्ण पैसे दिलेले. वाटपाआधी बोजांची यादी काढून संबंधित शाखेशी आणि खातेदाराशी एकत्र बसा. काही ठिकाणी आयकरही कापला जातो, तेव्हा भरपाईला आयकरातून सूट देणारं भूसंपादन कायद्याचं कलम ९६ दाखवा. बहिणींची नावं फेरफारातून गळलेली असतात आणि अधिसूचना निघाली की हक्कसोडपत्रांचा मोसम सुरू होतो. त्यांना स्वतंत्र भेटून विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. जिथे खरोखर वाद आहे तिथे रक्कम प्राधिकरणाकडे जमा करता येते, पण हा अपवाद आहे. सहहिस्सेदार गोळा करण्याचा कंटाळा म्हणून वीस टक्के निवाडे जमा खात्यात टाकले तर बँकेची माणसं पहिल्या तासात ते ओळखतात.

ताबा किलोमीटरच्या तुकड्यांनी द्या. एका तुकड्यातले सगळे पैसे आणि साहाय्य पोचलं, पर्यायी जागा तयार झाली, मगच तो तुकडा ठेकेदाराला. पिकं उभी असताना, पावसाळ्यात, परीक्षांच्या दिवसांत हलवाहलव नाही. हे सगळं मार्चअखेरच्या खर्चाच्या घाईत मोडतं. म्हणून ठेकेदाराला ताबा द्यायच्या तारखा निविदेतच तुकडेवार लिहून घ्या. ‘संपूर्ण जागा पहिल्या दिवशी’ असं छापून गेलं तर दिरंगाईचा दावा ठेकेदार तुमच्यावरच लावेल, आणि मग वरून येणारा दबाव तुम्ही थोपवू शकणार नाही.

निविदा आणि बिल

ईएसएमपी जिथे मरतो ते वाक्य ओळखून ठेवा: ‘पर्यावरणविषयक उपायांचा खर्च इतर बाबींच्या दरात समाविष्ट मानला जाईल.’ दरात समाविष्ट म्हणजे कोणीच करणार नाही. धूळ दाबण्यासाठी टँकर, आवाजाचे अडसर, कामगार वसाहतीतली शौचालयं, मुरूम खाणींची दुरुस्ती, हवा-पाण्याची चाचणी या बाबी बीओक्यूमध्ये वेगळ्या ओळीत, एककासह हव्यात. झाडांची ओळ ‘लावलेलं झाड’ अशी नको. तीन वर्षं दरवर्षी मोजून ‘जगलेलं झाड’ अशी हवी, आणि पैसे त्याप्रमाणे. ठोक रकमेची ओळ टाळा, कारण ती पहिल्याच बिलात सत्तर टक्के उचलली जाते.

बँकेच्या प्रमाण निविदा कागदात पर्यावरण-सामाजिक कामगिरीची वेगळी हमी मागता येते आणि ठेकेदाराने बांधिलकी पाळली नाही तर देयक रोखता येतं. हा अधिकार ‘इंजिनियर’चा, म्हणजे पर्यवेक्षण सल्लागाराचा. त्यामुळे त्याच्या टीममध्ये पर्यावरण आणि सुरक्षा अधिकारी नुसता नावाला नको. त्याच्या सहीशिवाय बिल पुढे जाणार नाही, अशी नोंद पर्यवेक्षण करारात हवी. ठेकेदाराने काम सुरू करण्याआधी स्वतःचा आराखडा द्यायचा असतो. तो मागच्या कामावरून नकललेला आहे का हे बघायला नदीचं नाव शोधा. कोकणातल्या घाटरस्त्याच्या आराखड्यात गोदावरी वाहताना दिसते.

मुरूम खाणीचा करार पाहिल्याशिवाय खोदाई नाही. शेतजमिनीत वरची १५ सेंटिमीटर माती वेगळी काढून ठेवायची, त्याखाली फार तर ३० सेंटिमीटर खोदायचं. प्रत्यक्षात जमीनमालकच ‘शेततळं होईल’ म्हणून खोल खणायला सांगतो, पावसात तो खड्डा भरतो आणि उभ्या कडांमुळे पोहायला उतरलेल्या मुलाला बाहेर येता येत नाही. शेततळं हवंच असेल तर कडांना उतार, कुंपण आणि मालकाचं लेखी हमीपत्र. अंतिम बिलाआधी प्रत्येक खड्ड्याचा आधीचा-नंतरचा फोटो आणि मालकाचा दाखला.

हॉट मिक्स (डांबर-खडी मिसळण्याचा प्लांट) आणि क्रशरला (खडी फोडण्याच्या यंत्राला) प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र लागतं, पण संमतिपत्र भिंतीवर लावलं म्हणजे काम झालं असं नाही. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्री दहानंतर काँक्रीट ओतणं यात बसत नाही. टँकरचं पाणी कुठून येतं हे विचारा. उन्हाळ्यात गावच्या विहिरीतून किंवा शेजारच्या बोअरमधून उपसा सुरू असेल तर एप्रिलमध्ये भांडण ठरलेलं. सुरुंग लावायचा असेल तर आधी आसपासच्या प्रत्येक घराच्या भिंती फोटोसह तपासून, जुन्या भेगांवर तारीख टाकून घरमालकाची सही घ्या. नंतर दावा आल्यावर ही तपासणी करता येत नाही.

कामगार आणि गाव

युगांडात कामवेंगे ते फोर्ट पोर्टल हा ६६ किलोमीटरचा रस्ता होता, २६.५ कोटी डॉलरच्या वाहतूक प्रकल्पाचा भाग. रस्त्याच्या कामावरच्या मजुरांकडून अल्पवयीन मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याच्या तक्रारी गावकऱ्यांनी मांडल्या. शिवाय धूळ, सुरुंगांनी तडे गेलेली घरं, असुरक्षित रस्ता, बुडालेली भरपाई. डिसेंबर २०१५ मध्ये बँकेने प्रकल्पच रद्द केला. देखरेखीसाठी अहवाल येत होते; त्या अहवालांत या मुली नव्हत्या. त्यानंतरच मजुरांच्या लोंढ्याबाबत मार्गदर्शन निघालं, आणि जानेवारी २०२१ पासून लैंगिक अत्याचार रोखण्याच्या अटी मोडणाऱ्या ठेकेदाराला बँकेच्या कामांतून दोन वर्षं अपात्र ठरवायची तरतूद आली.

आपल्या साइटवर याचा अर्थ असा. मजुरांची वसाहत शाळा, वसतिगृह आणि पाणवठ्यापासून दूर. आचारसंहितेवर सही इंग्रजी कागदावर नको. झारखंडच्या मजुराला हिंदीत, ओडिशाच्या मजुराला उडियात वाचून दाखवायची, मुकादमासमोर नव्हे. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर ठेकेदाराकडे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती कायद्यानेच लागते. गावातल्या मुलीची तक्रार त्या समितीपुढे पाठवू नका. ती कामाच्या ठिकाणची व्यवस्था आहे. त्यासाठी जिल्ह्यातलं सखी केंद्र, वैद्यकीय मदत आणि एक प्रशिक्षित महिला कार्यकर्ती यांची साखळी आधी ठरलेली असली पाहिजे. एक पेच लक्षात ठेवा: बँकेची पद्धत पीडितेच्या संमतीशिवाय पुढे काही करू नका म्हणते, पण मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे तक्रार घेणाऱ्या बाईला आधी माहीत हवं, म्हणजे ती मुलीला खोटं आश्वासन देणार नाही.

पगाराची चौकशी ठेकेदाराच्या मस्टरवरून करू नका. पोटठेकेदाराच्या मजुराला बाजूला घेऊन तीन प्रश्न विचारा: शेवटचा पगार कधी, किती, उचल किती कापली. अल्पवयीन मुलगा दिसला तर वय दाखवायला आधार कार्डची फोटोप्रत समोर येईल. तारीख खाडाखोड केलेली आहे का ते बघा.

तक्रारी, अपघात आणि शेवट

तक्रार नोंदवहीत शून्य तक्रारी म्हणजे व्यवस्था बंद आहे. साठ किलोमीटरच्या कामात महिन्याला चार-दोन तरी तक्रारी यायलाच हव्यात. तोंडी आलेली, शाखा अभियंत्याच्या मोबाइलवर आलेली, ग्रामसभेत ओरडून सांगितलेलीही नोंदवा. निकाल देणारा आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार तो एकच असता कामा नये; मुंबईच्या प्रकल्पात तपासणी समितीने तक्रार निवारणाच्या स्वतंत्रपणावर बोट ठेवलं होतं. सभेच्या इतिवृत्ताला हजेरीपट आणि फोटो पुरत नाहीत. एक साधं कोष्टक ठेवा: कोणत्या गावात, कोणी काय म्हटलं, त्यामुळे आराखड्यात काय बदललं, नसेल तर का नाही. तिसरा रकाना सगळीकडे रिकामा दिसला तर संवाद झालाच नाही.

मृत्यू किंवा गंभीर अपघात झाला की बँकेला साधारण ४८ तासांत कळवायचं असतं. तुमच्या बांधिलकी आराखड्यातली मुदत नेमकी तपासा, कारण काही करारांत ती कमी असते. नेहमीची चूक म्हणजे ‘चौकशी पूर्ण झाल्यावर कळवू’. आधी चार ओळी पाठवा, कारणमीमांसा नंतर. त्या कारणमीमांसेत ‘मजुराचा निष्काळजीपणा’ हे कारण चालत नाही. खड्ड्याला अडसर का नव्हता, फ्लॅगमन का नव्हता, पाळी किती तासांची होती, हे लिहावं लागतं.

काम संपताना पुनर्वसनाचं पूर्णत्व-लेखापरीक्षण करायचं असतं. ते ‘किती कुटुंबांना किती रक्कम’ एवढ्यावर उरकू नका. सुरुवातीच्या गणनेतल्या कुटुंबांचा नमुना घ्या, तेच प्रश्न पुन्हा विचारा: महिन्याची कमाई, कर्ज, घराचा प्रकार, दुकान चालतंय का. विस्थापित टपरीवाल्याला नव्या जागेवर गिऱ्हाईक मिळायला वेळ लागतो, त्यामुळे हे हलवल्यानंतर किमान वर्षभराने. ज्यांची कमाई पूर्वीपेक्षा खाली आहे त्यांच्यासाठी साहाय्याचं शीर्ष दोष-दायित्व कालावधी (काम संपल्यावर ठेकेदाराने दोष दुरुस्त करायची मुदत) संपेपर्यंत उघडं ठेवा. लेखा शाखा ते काम पूर्णत्वाच्या दाखल्याबरोबरच बंद करायला बघते, तेव्हा मुदतवाढीची टिपणी दोन महिने आधी सादर करा.